लोकांसाठी दीडशे किलोमीटर

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६:१०

आजपासून चालायचं. तीस दिवसांत दीडशे किलोमीटर, म्हणजे रोजचे पाच. थोरल्या लेकीनं माझं नाव घातलं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि तिथे बसून माझ्या पायांचा विचार करते. मनाच्या आजारांवर काम करणारी एक संस्था आहे. आपण चालायचं, ओळखीच्यांनी आपल्या चालण्यावर देणगी द्यायची, आणि ज्यांना परवडत नाही त्यांचे उपचार त्यातून व्हायचे. चांगलं काम आहे. लोकांसाठी काहीतरी करावं असं माझ्या मनात होतंच. मला स्वतःला गरज नाही, हे थोरलीला स्पष्ट सांगितलं. ती बरं म्हणाली.

नाव भरताना एक रकाना होता, तुम्ही का चालता आहात. खाली बारीक अक्षरात, घरातल्या कुणाला त्रास झाला असेल तर जरूर लिहा. मी लिहिलं, प्रकृतीसाठी.

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. पुढून त्यांच्या कमरा, मागून मी. मागची पानं कुणी उघडत नाही.

सकाळी ९

बूट सापडले, पण एकाची नाडी नाही. उद्यापासून धरलं तरी एकोणतीस दिवस उरतात.

२ नोव्हेंबर

कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यावरून उजवीकडे तळ्याचा रस्ता, डावीकडे बाजार. आमच्या भागातले सगळे चालणारे उजवीकडे जातात, तिथे सपाट फरशीची वाट केली आहे. मी डावीकडे गेले. बाजारात माणसांतून वाट काढता काढता चालणं होत नाही. दूध घेऊन परत. फोनमधल्या संस्थेच्या ॲपवर चारशे बारा पावलं. दूध आणायचंच होतं, तेव्हा वाया काही गेलं नाही.

तळ्याकडे जायचं नाही असं मी ठरवलं आहे. तिकडे शेवाळ असतं. ह्यांचा पाय तिथेच घसरला, दीड वर्षापूर्वी. तीस वर्षं दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले, कुत्री चुकवली, गच्चीवरच्या गंजक्या शिड्या चढले, तेव्हा काही झालं नाही. अपघात कुणालाही होतो.

३ नोव्हेंबर

आज निघता आलं नाही. धाकटीला उठवण्यात वेळ गेला. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते, फार बारीक काम. थकली होती, म्हणून रजा घेतली आहे. तीन महिने होतील. पडदा ओढला, ऊन डोक्यावर आलं म्हटलं, तर तिनं तोंड भिंतीकडे केलं. ह्यांचंही शेवटी शेवटी असंच. जास्त झोपायची सवय वडिलांकडून आली आहे. माझ्या माहेरी असं कुणी नव्हतं.

४ नोव्हेंबर

मला चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. सव्वीस जण. प्रमुख आहेत ते शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त. पहाटे साडेपाचला 'उठा' असा मेसेज टाकतात, शिट्टीच्या चित्रासकट. मी पडल्या पडल्या अंगठा पाठवला. रोज संध्याकाळी यादी येते. माझा नंबर सव्विसावा. पंचविसाव्या बाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे.

६ नोव्हेंबर. दुपारी

महत्त्वाचं. फोन हातात धरून चालायचं तर एक हात अडकतो. जगाच्या कपड्यांना मी खिसे लावते आणि माझ्या एकाही कपड्याला खिसा नाही. थोरली म्हणाली, पट्टा शिव आणि घोट्याला बांध. इलॅस्टिक घालून शिवला. झकास झाला. नीट बसतो का ते पाहायला बांधूनच मशीनवर बसले. शाळेचे बावीस पडदे आले आहेत, सगळ्यांच्या खालच्या पट्ट्या वर घ्यायच्या आहेत. जेवायला उठले तेव्हा ॲपवर अकरा हजार पावलं.

माझी मशीन पायाची आहे.

संध्याकाळी

यावर शांतपणे विचार केला. ही फसवणूक नाही. पाय हलले ते हलले. रस्त्यावरचा माणूस स्वतः पुढे जातो, मी पडदा पुढे ढकलते, एवढाच फरक. शिवाय उद्यापासून खरं चालणार आहेच. पडद्यांचं तेवढं उरकू दे.

९ नोव्हेंबर

नंबर चौथा. वरच्या मजल्यावर राहणारी बँकवाली जिन्यात भेटली. तिनं माझ्या नावावर दर किलोमीटरमागे देणगी कबूल केली होती, चारशे पावलांच्या काळात. आता हिशेब ऐकून ती जरा पांढरी पडली, पण म्हणाली, ताई, तुम्ही बघता बघता कुठे पोचलात. मी म्हटलं, मनावर घेतलं की होतं. मग तिनं धाकटीची चौकशी केली, बरेच दिवस दिसली नाही म्हणाली. लोकांना दुसऱ्याच्या घरात फार लक्ष.

११ नोव्हेंबर

पहिला नंबर. पीटीच्या सरांनी फोन करून विचारलं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी हे कसं जमतं. मी म्हटलं, पाय फार उचलायचा नाही. टाच, चवडा, टाच, चवडा, लय सोडायची नाही आणि नजर समोरच्या कामावर. सरांनी ते माझ्या नावानं सगळ्या ग्रुपला पाठवलं. प्लास्टरवाल्या बाईंनी हात जोडले.

१२ नोव्हेंबर

वाचनालयातून मनाच्या आजारांवरचं पुस्तक आणलं. एवढी पुढे गेले आहे तर विषय माहीत हवा. शाळेत मी चौथीपर्यंत, त्यापुढचं सगळं वाचनालयानं शिकवलं. हे पुस्तक सोपं आहे. उदासीच्या आजाराची लक्षणं दिली आहेत. झोप बिघडते, भूक जाते. माणूस अंघोळ टाळतो, आवडीच्या गोष्टी सोडतो, मी तुमच्यावर ओझं आहे असं बोलतो. वाचून मला बँकवालीची काळजी वाटली. परवा जिन्यात फारच ओढलेली दिसत होती.

धाकटीचं ताट तसंच परत आलं. पोट बरं नसेल. अंघोळीचं पाणी दोनदा तापवलं, दोन्ही वेळा गार झालं. मी बोलले थोडं. माणसानं आपल्या शरीराला किती लाडावून ठेवावं.

१४ नोव्हेंबर

आज एक चांगलं झालं. मी मशीनवर होते, दुपारची. धाकटी पाणी प्यायला बाहेर आली आणि तिला माझ्या घोट्याचा फोन दिसला. आधी तिला कळेना. मग ती खाली फरशीवर बसली, फोनकडे बघत राहिली, आकडा वाढताना पाहिला, आणि हसायला लागली. किती दिवसांनी. पोट धरून हसली. मला राग यायला हवा होता, पण मी पाय थांबवलेच नाहीत. थांबवले असते तर ती हसायची थांबली असती.

मग तिनं विचारलं, कुणासाठी चालतेस एवढी. मी म्हटलं, लोकांसाठी. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी.

ती उठली आणि आत गेली. पाणी राहिलंच तिचं.

१६ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानदाराचा फोन. म्हणाले, किती दिवस जागा धरून ठेवणार, दुसरी मुलगी घेतली. आवाजात लाज होती त्यांच्या. मी म्हटलं, काही हरकत नाही, तिला याहून चांगलं मिळेल. धाकटीला सांगितलं नाही. बरी झाली की सांगीन. बरी म्हणजे ताजीतवानी.

पडदे संपले. आता पावलांसाठी काम हवं. बँकवालीकडून तिच्या सगळ्या उशांचे अभ्रे मागून आणले, फुकट शिवून देते म्हटलं. ती भारावली.

१८ नोव्हेंबर

आळस गेला पोरीचा. स्वतःहून कपाट आवरलं. सकाळी दहाला उठून, मी पडदा न ओढता. चांगले चांगले कपडे घड्या घालून एका बाजूला ठेवले आणि हे थोरलीला पाठव म्हणाली. काचा बसवायची तिची छोटी हत्यारं, जी ती मला हात लावू देत नसे, तीही पुसून डब्यात भरली. म्हणाली, दुकानातल्या नव्या मुलीला दे, तिला लागतील. म्हणजे तिला सगळं आधीच माहीत होतं. मला उगाच लपवत बसावं लागलं. आवाज एकदम शांत होता तिचा. मी थोरलीला कळवलं की गाडी रुळावर आली. थोरली म्हणाली, आई, मी येऊ का? मी म्हटलं, आता कशाला येतेस, आता तर सगळं ठीक आहे.

२० नोव्हेंबर

सरांचा फोन. तीस तारखेला समारोप आहे, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. पहिला नंबर म्हणून मी दहा मिनिटं बोलायचं. त्यांना म्हटलं, हॉल दुसरीकडे नाही का घेता येणार. नाही म्हणाले, बुकिंग झालंय. ठीक आहे. रिक्षानं मागच्या रस्त्यानं जाईन.

भाषण लिहायला घेतलं. मुद्देसूद लिहायचं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज माझ्या कामाचं चीज झालं. धाकटी आपण होऊन फिरायला गेली. कुणी सांगितलं नाही. सकाळी सहाला उठली, केस विंचरले, माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला. मी म्हटलं, अगं, सुई चालू आहे. मग गेली. दीड तासानं आली. बूट चिखलानं भरलेले, मोजे ओले. मी घासून उन्हात ठेवले. घरातल्या एका माणसानं उत्साह दाखवला की तो दुसऱ्याला लागतो, हे पुस्तकातही आहे.

आल्यावर झोपली. चालण्यानं झोप छान लागते.

माझं आज चौदा हजार तीनशे. अभ्रे.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४

भाषण झालं लिहून. कुणासमोर तरी म्हणून बघावं म्हणून धाकटीच्या खोलीत गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मी दारात उभी राहून वाचलं. सुरुवात अशी होती: आमच्या घरात सुदैवानं असा आजार कुणाला झाला नाही, तरीही मी चालते, कारण दुसऱ्याचं दुःख आपलं मानणं हीच खरी माणुसकी.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दोन पानं होती. मी विचारलं, लांबलं का.

ती म्हणाली, "आई, बाबांचा पाय घसरला नव्हता."

मी म्हटलं, शेवाळ होतं तिथे. पोलिसांनी पण...

"काल मी तिथे जाऊन उभी होते," ती म्हणाली. "गुडघ्यापर्यंत पाण्यात. मग तू अभ्रे शिवत असशील असं वाटलं, आणि परत आले."

तिनं हे तासाचं काम उरकून आल्यासारखं सांगितलं. मी भाषणाच्या कागदाची घडी घातली. आणखी एक घातली. घालत राहिले, घड्या घालता येईनाशा झाल्या तोवर.

संध्याकाळी ६

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी हे बदलीन.

मी पलंगावर बसले. तिला जवळ घेतलं तर ती लाकडासारखी ताठ. कधीपासून, विचारलं. ती म्हणाली, तू पडदा ओढायचीस तेव्हापासून रोज. रोज म्हणजे काय, विचारायची हिंमत झाली नाही, तरी विचारलं. तिनं सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

हे गेले, त्याआधी सहा महिने खाटेवर होते. मी त्यांना म्हणाले होते, एवढा धडधाकट माणूस, लाज कशी वाटत नाही. चार घरचे कपडे शिवून मी घर चालवते आणि तुम्ही छताकडे बघता. शेवटच्या आठवड्यात ते एकदम हलके झाले होते. हसत होते. घड्याळ काढून थोरलीच्या नवऱ्याला दिलं. मी शेजारणींना सांगितलं होतं, आले बाई रुळावर.

१८ तारखेला मी हेच शब्द लिहिले आहेत. आत्ता पान उलटून पाहिलं.

थोरलीला फोन केला. बोलता येईना, धाकटीनंच फोन घेतला आणि ताईला सांगितलं. थोरली निघाली आहे, उद्या दुपारपर्यंत पोचेल. तिनं संस्थेचा मदतीचा नंबर दिला. तो माझ्याकडे होताच, ॲपच्या पहिल्या पानावर, पावलांच्या आकड्याच्या वर. तेवीस दिवस मी त्याच्या खालचा आकडा बघत होते. तो लावला. तिथली बाई घाईत नव्हती. म्हणाली, आज तिला एकटीला सोडू नका, एका खोलीत झोपा, उद्या सकाळी मानसोपचाराच्या दवाखान्यात घेऊन या. शिवणकाम करता का, म्हणाली. कात्र्या कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. ठेवल्या.

धाकटीच्या शेजारी बसून हे लिहिते आहे. ती काय लिहितेस म्हणाली. मापं, म्हटलं. मग म्हटलं, नाही, मापं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १

पहाटे साडेपाचला शिट्टी. सहाला सरांचाच फोन, भाषण तयार का. मी सगळं सांगून टाकलं. फोन घोट्याला बांधून मशीन चालवली, पाऊलभर चालले नाही, दूध आणलं तेवढंच, पहिला नंबर काढून टाका. आणि भाषणातलं पहिलं वाक्य खोटं आहे, माझे यजमान आपण होऊन गेले आणि मुलगी आजारी आहे. यजमान हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. दुसरा सुचला नाही.

मला वाटलं, आता ओरडतील, पीटीचे मास्तर. ते म्हणाले, "भाषणाचं राहू द्या हो. मी गाडी घेऊन येऊ का?"

आणखी काहीतरी म्हणाले, त्यांच्या मोठ्या भावाबद्दल. नीट ऐकू आलं नाही, त्यांचाच आवाज बसला होता. मी धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, चालत जाऊ.

दवाखाना तळ्याच्या पलीकडे आहे. कोपऱ्यावर आले तेव्हा माझे पाय थांबले, ते मला आधी कळलंच नाही, तिला कळलं. ती थांबली. आम्ही दोघी तिथे वेड्यासारख्या उभ्या, लोक बाजूनं जात होते. मग उजवीकडे वळलो. पाण्याच्या बाजूनं मी चालले, तिला आतल्या बाजूला ठेवलं. तिचं मनगट धरलं होतं, हात नाही, मनगट, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं. ती म्हणाली, दुखतंय. मी सैल केलं, सोडलं नाही. एका ठिकाणी तिनं मान वळवली. मीही तिकडे पाहिलं. दीड वर्ष मी ती जागा मनात फार भयंकर केली होती. एक बाक आहे, एक दिवा आहे, आणि पाणी. ह्यांनी बाकावर बसून बूट काढून ठेवले होते, नाड्या आत खोचून. पोलिसांनी मला ते बूट दिले होते. घसरणारा माणूस बूट काढून ठेवत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मोठ्यानं रडले. चालता चालता. धाकटी नाही रडली, तिचं रडणं संपलंय म्हणाली. तिनं माझं नाक पुसलं.

किती चाललो माहीत नाही, फोन घरी राहिला होता.

दवाखान्यात बाकं भरलेली. इतकी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. शाळेतली मुलं होती, चांगल्या कपड्यातला एक वकील होता, एक म्हातारं जोडपं एकाच वर्तमानपत्राची दोन टोकं धरून बसलं होतं. माझी कल्पना वेगळी होती, आता काय होती ते सांगवत नाही. आमचा नंबर एकेचाळीस. धाकटी माझ्या खांद्याला टेकली. कालच्यासारखी ताठ नव्हती, पण मोकळीही नव्हती. दोन तास बसलो. थोरलीला कळवायला फोन नव्हता, म्हणून वकिलाचा मागितला. तो लगेच म्हणाला, घ्या ना मावशी, आणि थोरलीशी बोलणं होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग खिडकीतून नंबर पुकारला. कागद देणारी मुलगी होती, चष्मा नाकावर घसरलेला. तिनं मान वर न करता विचारलं, पेशंट कोण.

मी धाकटीकडे बोट दाखवलं. धाकटीनं माझ्याकडे.

मुलीनं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. दोन कागद दिले आणि एकच पेन.

धाकटीनं आधी भरला. एरवी मला मराठी वाचायला वेळ लागत नाही, पण अक्षरं जागेवर राहत नव्हती. नाव, वय लिहिलं. झोप लागते का, नाही. भूक, नाही. रडू येतं का. यावर मी 'नाही' असं लिहिलं, मग खोडलं. पुढचा प्रश्न, त्रास कधीपासून आहे. तिथे अडले. धाकटीनं काय लिहिलंय म्हणून जरा वाकून बघितलं, तर तिनं हातानं झाकलं आणि म्हणाली,

"आई, कॉपी नाही करायची."

मी माझं माझं लिहिलं.